सावलीत धरलेलं पान

सिद्धराजूचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत बसून समोरच्या गच्चीवर डोक्यावर उभ्या असलेल्या एका परदेशी मुलीकडे बघत होतो. गोकुलममध्ये हे रोजचंच दृश्य. इथं योग शिकायला आलेल्यांची वस्ती इतकी वाढलीय, की सकाळच्या वेळी पायांवर सरळ उभा असलेला माणूस दिसला तर तो बहुतेक दूधवाला असतो. "नाले नीरु बिट्रु, सार," सिद्धराजू म्हणाला. कालव्याला पाणी सोडलं. एवढं सांगून तो थांबला आणि मीही थांबलो. दरवर्षी या वाक्यानंतर मी फोन कानापासून दूर धरून आत ओरडायचो, "अगं, पाणी सुटलं." या वर्षी फोन कानालाच राहिला.

सोसले गावी कालव्याखाली आमचं एकरभर भाताचं शेत आहे. 'आमचं' असं अजून तोंडातून जातं. सवय लवकर सुटत नाही. सिद्धराजूचं शेत त्याला लागूनच आहे, मधला बांध दोघांचा. लावणीची माणसं तोच बघतो, ट्रॅक्टरही त्याचाच असतो. माझ्याकडे, म्हणजे आमच्याकडे, एकच काम असायचं. लावणी झाली, रोपांनी मूळ धरलं, की त्यांना युरिया कधी द्यायचा आणि कधी नाही, हे ठरवायचं.

फोन ठेवल्यावर मी टेबलाच्या खणातून पट्टी काढली. शाळेतल्या लहान फूटपट्टीएवढी प्लॅस्टिकची पट्टी आहे ती. तिच्यावर हिरव्याच्या सहा छटांचे चौकोन आहेत, फिकट पोपटीपासून काळपट हिरव्यापर्यंत. हे मी माझ्या बायकोच्या, सुमित्राच्या, सांगण्यावरून लिहितोय. मला स्वतःला त्यात एकाच मळक्या रंगाचे तुकडे दिसतात, काही धुतलेले, काही न धुतलेले. भाताचं पान या पट्टीवर ठेवायचं आणि ते कोणत्या चौकोनाशी जुळतं ते बघायचं. पानाचा हिरवेपणा म्हणजे रोपाच्या पोटात नत्र किती आहे त्याची खूण. पान चौथ्या चौकोनापेक्षा फिकट असेल तर रोप उपाशी आहे, त्याला युरिया द्यायचा. तेवढं किंवा त्याहून गडद असेल तर हात आवरायचा. अशी सगळी सोपी गोष्ट. फक्त बघणाऱ्याला हिरवा दिसायला हवा.

माझी मुलगी रेखा पुण्यात असते. ती अलीकडे माझ्याशी फार जपून बोलते. "अप्पा, या वर्षी शेत सिद्धराजूला कसायला देऊन टाका ना," ती म्हणाली. "तुम्ही बसनं जाणार, चिखलात उतरणार, आणि..." पुढचं तिनं गिळलं. पुढचं असं होतं, आणि पान कोण बघणार? मी म्हटलं, लावणी तर होऊ दे. पहिलं वरखत मी देऊन बघतो. उभ्या पिकाला वरून दिलेल्या खताला वरखत म्हणतात. ते जमलं तर शेत ठेवीन, नाही जमलं तर सिद्धराजूला सांगून टाकीन. ती हो म्हणाली. बापाला एक हंगाम दिल्यासारखं ती हो म्हणाली.

रंगाऱ्याच्या घरात जन्मून रंग न दिसणं याला कर्तृत्व लागतं. आमचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलो ते कुणालाच धड ठाऊक नाही, पण घरात अजून मराठी आहे, कन्नडात बुडवून काढलेली का होईना. माझ्या लहानपणी वडिलांचं रंगाचं काम चालू होतं. मागच्या अंगणात मोठी पातेली उकळायची, दोऱ्यांवर ओली लुगडी आणि सुताच्या लडी टांगलेल्या असायच्या, आणि सगळ्या घराला ओल्या सुताचा वास असायचा. वडील म्हणायचे, "ती हिरवी लड आण बघू." मी तपकिरी आणायचो. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी मस्ती करतोय. मग एकदा त्यांनी मला पडवीत बसवलं, मांडीवर निरनिराळ्या लडी टाकल्या आणि रंगाप्रमाणे लावायला सांगितलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं लावल्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि आईला म्हणाले, "याला दुकानात घालूया. दुसऱ्या कुणाच्या तरी." त्यानंतरही आमच्या घरात 'याला रंग दिसत नाहीत' असं कुणी कधी म्हटलं नाही. 'त्याचं लक्ष नसतं' असं म्हणायचे.

पडवीतच का बसवलं, हे सांगायचं राहिलं. रंगारी कधी उन्हात रंग जुळवत नाहीत. उन्हात कापड चमकतं आणि डोळा फसतो. नमुना आणि कापड दोन्ही पडवीच्या सावलीत आणायचं, मग जुळवायचं. रंगाची एवढी एकच गोष्ट मला कळली, ती म्हणजे सावली.

मोठा झाल्यावर मी मंडीतल्या खताच्या दुकानात लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. दुकानात माझं झकास जमलं. पोती अक्षरांवरून ओळखायची, आणि आतला माल पांढरा. पांढरा मला दिसतो. युरियाचे ते बारीक मणी ओल्या तळहातावर घेतले की हात एकदम गार पडतो. विरघळताना ते हाताची ऊब ओढून घेतात. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसलं की मी हा खेळ करत बसायचो. पुढं कडुनिंबाचं तेल चोळलेला युरिया आला आणि दुकानाचा वासही बदलला. शेतकरी युरियावर जीव टाकायचे, कारण बाकीची खतं काय काम करतात ते जमिनीखाली राहतं, युरियाचं मात्र डोळ्यांना दिसतं. आज फेकला की आठवड्याभरात शेत हिरवंगार. आपल्याला दिसतं, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला दिसतं. म्हणून तो गरजेपेक्षा जास्त फेकला जातो. मी प्रत्येकाला बजावून सांगायचो, अति घालू नका, पान माजतं, रोप नुसतं उंच होतं, कीड येते, करपा येतो आणि शेवटी पीक लोळतं. लोक मान हलवायचे आणि एक पोतं जास्तीचं न्यायचे. मला न दिसणारा रंग मी जन्मभर विकला.

सुमित्राही रंगाऱ्याचीच मुलगी. लग्न ठरवताना तिलाही 'मुलाचं जरा लक्ष नसतं' एवढंच सांगितलेलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कुठंसं जेवायला जायचं होतं. तिनं विचारलं, कुठलं लुगडं नेसू? मी म्हटलं, ते तपकिरी छान आहे. ते हिरवं होतं. ती हसत खाली बसली. मग उठली, दार लावलं आणि माझी ट्रंक उघडून सगळे शर्ट तिनं नव्यानं रचले, कुठल्यावर काय घालायचं ते घडीतच ठरवून टाकलं. तिनं माहेरी किंवा सासरी हा विषय कधी काढला नाही. मला आयुष्यात कुणी विजोड कपड्यांवरून हसलं नाही, ते तिच्यामुळं. हल्ली मी पांढरे शर्टच घालतो.

शेत घेतलं तेव्हा लोक म्हणाले, खत विकणाऱ्याला शेतीची हौस. खरं होतं. त्यानंतर एकदा शेती खात्याचा एक तरुण अधिकारी सोसल्याच्या देवळापुढं सगळ्यांना या पट्ट्या वाटायला आला. त्यानं समजावून सांगितलं: सगळ्यात वरचं, पूर्ण उघडलेलं पान घ्या. तोडू नका, रोपावरच असू द्या. मधला भाग पट्टीवर ठेवा. उन्हात बघू नका, सावलीत बघा. दर आठवड्याला साधारण एकाच वेळी बघा, आणि दर खेपेला एकाच माणसानं बघा, कारण प्रत्येकाचा डोळा वेगळा. इतरांनी पट्ट्या खिशात घातल्या. सिद्धराजूनं आपल्या पट्टीनं पाठ खाजवून दाखवली. सुमित्रा मात्र पदर खोचून तिथल्या तिथं, देवळासमोरच असलेल्या आमच्या खाचरात उतरली. "अहो, सुम्ने उगाच काय उभे राहिलात बांधावर?" ती मला म्हणाली. "या की खाली. स्वल्प इकडे सरका. सावली द्या." तो अधिकारी "अम्मा, नीवे...", तुम्हीच, असं काहीतरी सांगायला पुढं झाला. तिनं "गोत्तु, गोत्तु" म्हणून त्याला गप्प केलं. कळलं मला, कळलं. रंगाऱ्याच्या मुलीला रंग बघायला कोण शिकवणार?

तेव्हापासून ते माझं काम झालं. सकाळच्या तिरप्या उन्हाकडे पाठ करून मी उभा राहायचो, ती माझ्या सावलीत वाकायची, पान पट्टीवर धरायची आणि आकडा सांगायची. "साडेतीन. चार. हे पण साडेतीनच बघा." मग पुढच्या रोपाकडे. ऊन सरकलं की मीही सरकायचो. ती म्हणायची, "हां, आता आली बघा पडवी." पोटऱ्यांपर्यंत चिखल, पायांना जळवांची धास्ती, पाठ उन्हानं भाजलेली, आणि मी एखाद्या खांबासारखा उभा. एवढं महत्त्वाचं मला दुकानाच्या गल्ल्यावरही कधी वाटलं नाही. तिचे डोळे आणि माझी सावली, असा तो हिशेब होता. निम्मंनिम्मं. मी तो तसाच धरून चाललो होतो.

आता दिवसभर घरात बसून मी नत्राचा विचार करतो. दुसरं काय करणार? नत्राची एक गंमत आहे. तो हवेत इतका आहे, की आपण श्वासाबरोबर घेतो त्यात बहुतेक तोच. भाताचं रोप त्यातच उभं असतं, पान त्यातच हलवतं, आणि तरी उपाशी मरतं. कारण हवेतल्या नत्राचे अणू दोघं-दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात आणि रोपाला ती जोडी सोडवता येत नाही. कारखान्यात प्रचंड उष्णता आणि दाब देऊन ती सोडवतात तेव्हा कुठं युरिया होतो. शेंगांच्या झाडांच्या मुळाशी राहणारे जिवाणू तेच काम गुपचूप करतात, आणि थोडं वीजही करते. गडगडाटी पावसानंतर पीक उजळतं असं सोसल्याची माणसं म्हणतात ते उगाच नाही. मला हे सगळं दुकानातल्या पत्रकांतून पाठ झालं होतं. अर्थ मात्र आता लागतोय. गोकुलममध्ये माझ्या अवतीभवती माणसं काही कमी नाहीत. डोक्यावर उभी राहणारी मुलगी मला रोज हसून 'नमस्ते' म्हणते, खालच्या मजल्यावरचे लोक सणाला ताट पाठवतात, रेखाचा रोज फोन येतो. सगळं असतं, पण अंगी लागत नाही. आम्ही दोघं एकमेकांना इतकं धरून होतो, की तिसऱ्या कुणाशी जोडून घ्यायला मी शिकलोच नाही. सुमित्राची गल्लीभर ओळख होती. मला तिच्यामुळं लोक ओळखायचे.

हंगाम आला की मला सगळे हंगाम आठवत नाहीत, एकच आठवतो. पीक लोळलं तो.

तोवर सुमित्राला पट्टी लागेनाशी झाली होती. "पट्टी लावून रंग बघायला मी काय शाळेत आहे?" ती म्हणायची. तिच्या माहेरी चांगल्या रंगाऱ्याला नमुना हातात धरावा लागत नसे. एकदा बघितलेला रंग त्याच्या डोळ्यांत राहायचा आणि त्याचा फार ताठा असायचा. तोच ताठा तिच्यात आला. पट्टी सिद्धराजूच्या पंपाच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवली आणि ती नुसतं पान बघून सांगायला लागली. मी सावली द्यायचो ते तसंच चालू होतं. दोन-तीन हंगाम तिचं चुकलं नाही.

त्या वर्षी लावणीनंतर पहिलं पान बघून ती म्हणाली, "पिवळट आहे हो. भूक लागलीय." युरिया दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "अजून पिवळंच. माती धरत नाही काय की." पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला तिनं पान बोटांत धरून बराच वेळ बघितलं आणि तेच म्हणाली. मला रंग दिसत नव्हता, पण पान हाताला लागत होतं. ते मऊ होतं, रुंद होतं आणि टोकाकडून वाकत होतं. उपाशी रोपाचं पान अरुंद आणि ताठ असतं. दुकानात हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं. त्याच दिवशी सिद्धराजू बांधावरून म्हणाला, "भत्त कप्पगाय्तु, सार." भात काळं पडलंय. म्हणजे इतकं हिरवं, की काळं दिसावं. "आता हात आवरा."

मी सुमित्राकडे बघितलं. ती दुसऱ्या पानाकडे वळली होती, माझ्या सावलीत, पूर्ण खात्रीनं. युरिया आणला आणि टाकला. याचा मला पस्तावा आहे का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलंय. नाही. सिद्धराजूचं ऐकायचं म्हणजे तिला दिसत नाही असं म्हणायचं, आणि मग आम्हा दोघांनाही रंग दिसत नाहीत असं झालं असतं. एक वेळ भात गेलं तरी चालेल, पण ते मला नको होतं.

भात गेलंच. लोंब्या बाहेर आल्या होत्या, दाणा अजून दुधात होता, आणि वाऱ्याचा पाऊस आला. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांची शेतं उभी होती आणि आमचं तेवढं आडवं होतं, मोठं जनावर रात्रभर लोळून गेल्यासारखं. खालचा भाग पाण्यात होता आणि कुजका वास यायला लागला होता. सुमित्रा बांधावर उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "पट्टी आणता?"

मी पंपाच्या खोलीतून पट्टी आणली. "सावली द्या," ती म्हणाली. मी उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो. तिनं आडव्या पिकातलं एक पान उचललं, पट्टीवर धरलं, मग नुसती पट्टीच डोळ्यांजवळ नेली. "पट्टी विटली हो," ती म्हणाली. "उन्हानं रंग उडाला. सगळे चौकोन पिवळे पडलेत." मला त्यातलं काय कळणार? सिद्धराजू जवळ आला, पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "नाही अम्मा. नव्यासारखी आहे."

"हा शेवटचा चौकोन कसा दिसतो तुला?"

"काळपट हिरवा."

"आणि हे पान?"

"तसंच. त्याहून गडदच म्हणा."

सिद्धराजूला कळलं असावं, तो पंपाकडे निघून गेला. सुमित्रा बांधावर बसली, पट्टी मांडीवर ठेवून. "अहो," ती म्हणाली, "मी तुम्हाला सगळं खोटं सांगत होते की."

"मला काय कळणार होतं?" मी म्हटलं. आमच्यात हा नेहमीचा विनोद होता. ती हसली नाही.

"आता आपल्या घरात रंग बघणारं कोणी राहिलं नाही," ती म्हणाली, आणि रडली. सासू गेली तेव्हा, मुलगी सासरी गेली तेव्हा ती चारचौघांत रडली होती. असं एकटीनं रडताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी शेजारी बसलो. आम्ही दोघं त्या आडव्या शेताकडे बघत होतो, आणि ते कसल्या रंगाचं आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. इतकं जवळ आम्ही कधीच नव्हतो असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, काहींचा तो हळूहळू पिवळा होत जातो, इतका हळू की माणसाला पत्ताच लागत नाही; जगच पिवळं होतंय असं त्याला वाटतं. शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ती आधी चादरीकडे बघून म्हणाली, "ही पांढरी आहे?" घरी आल्यावर कपाट उघडून बसली. जे लुगडं ती सायीच्या रंगाचं म्हणून नेसत होती ते शुभ्र निघालं. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे पांढरे कधी झालात?" मी म्हटलं, "तुला दिसेपर्यंत नव्हतो." त्यावर मात्र ती हसली.

पुढच्या हंगामांत तिनं पुन्हा पट्टी हातात धरली, ताठा सोडून. भात चांगलं आलं. गेल्या वर्षीचंही घरी आलं. पौषात एका दुपारी नव्या तांदळातले खडे वेचता वेचता ती भिंतीला टेकली. मला वाटलं डुलकी लागली. सूप मांडीवर तसंच होतं. तो तांदूळ मी अजून शिजवलेला नाही.

या वर्षी लावणी झाली. रोपांनी मूळ धरलं. पहिल्या पानाचा दिवस आला तसं मी रेखाला फोनवर म्हटलं, "मी तुला शेतातून पान दाखवतो, तू आकडा सांग." तिला ते पटलं. घरच्या कुंडीतल्या पानावर आम्ही तालीमही केली. "अप्पा, मस्त हिरवंगार आहे," ती म्हणाली. मी दुसरं पान धरलं, कडेचं, सुकत आलेलं. तेही हिरवंगार. फोनचा कॅमेरा सगळं सुधारून दाखवतो म्हणे. तो बेत तिथंच संपला. मग मी तिला सांगितलं, की खालचं जुनं पान आधी पिवळं पडतं, कारण नत्र कमी पडला की रोप तो जुन्या पानातून काढून नव्याला देतं. "अप्पा, आता यातून काही अर्थ काढू नका हं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी काही काढत नाही, दुकानाच्या पत्रकात आहे ते सांगतोय.

सकाळच्या बसनं निघालो. चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या भाताचा, एकच डबा. वरुणा गाव मागं पडलं, उसाचे मळे गेले, मग कालवा दिसला आणि दोन्ही अंगांना कोवळं भात. खिडकीजवळची जागा मी नकळत मोकळी ठेवून बसलो होतो. नरसीपूरच्या आधी एक बाई येऊन तिथं बसली.

शेतात पाणी घोट्याएवढं होतं. मी उन्हाकडे पाठ केली, एका रोपाचं वरचं पान पट्टीवर धरलं. काहीच नाही. धुतलेला तुकडा, न धुतलेला तुकडा, आणि त्यावर एक पान, दोन्हींसारखं. पान बोटांत फिरवून बघितलं. ना मऊ, ना ताठ. दुसरं धरलं. तिसरं धरलं. बोटंही अडाण्यासारखी वागत होती. मग माझ्या लक्षात आलं, मी पट्टी छातीसमोर धरलीच नव्हती. डाव्या हाताला, जरा खाली, जिथं ती वाकायची तिथं धरून उभा होतो. मला फार एकटं वाटलं. सिद्धराजूला आत्ताच सांगून टाकावं, शेत तुझं, आणि बसनं परत जावं, असं मनात आलं.

तो बांधावरून बघत होता. शेत कसायला मिळालं तर त्याच्या फायद्याचंच. रेखानं त्याला तसं विचारूनही ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तो चपला काढून खाचरात उतरला. जसल्या पट्टीनं त्यानं एकदा पाठ खाजवली होती तसली ही पट्टी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "कुठलं पान, सार? वरचं ना?" मी होय म्हटलं. तो वाकला. मी सवयीनं लगबगीनं त्याच्या मागं गेलो, ऊन अडवून उभा राहिलो.

"बिडी सार," तो मान वर न करता म्हणाला. "नन्न नेरळे साकु."

राहू द्या, माझीच सावली पुरे.

आणि खरंच पुरत होती. तो उन्हाकडे पाठ करून वाकला होता, पान आणि पट्टी त्याच्या स्वतःच्या अंगाच्या सावलीत होती. काही लागत नव्हतं. दुसरा माणूस लागत नव्हता, खांब लागत नव्हता, पडवी लागत नव्हती. मघाशी माझं मलाही पुरत होतं. ज्याला पाठ आहे त्याला पुरतं. तो तरुण अधिकारी देवळापुढं हेच सांगायला पुढं झाला होता. अम्मा, तुम्हीच उन्हाकडे पाठ करा. आणि सुमित्रानं त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. गोत्तु, गोत्तु. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून तिला माझी सावली कधी लागलीच नव्हती. रंग न दिसणाऱ्या नवऱ्याला बांधावर एकट्यानं उभं राहावं लागू नये, म्हणून तिनं त्याला खाली बोलावून काम दिलं होतं, आणि एवढे हंगाम ते कामच आहे असं त्याला वाटू दिलं होतं.

"फिकट आहे, सार," सिद्धराजू म्हणाला. "चारच्या खाली. पण दहा पानं बघायची ना? बघतो." मग जरा थांबून, पट्टीची मागची बाजू वाचत म्हणाला, "इथं लिहिलंय, दर खेपेला एकाच माणसानं बघायचं. म्हणजे पुढच्या आठवड्यात पण मीच यायला हवं."

"यायला हवं," मी म्हटलं. रेखाला संध्याकाळी सांगीन.

तो पुढच्या रोपाकडे सरकला. आपल्या सावलीत पान धरून वाकला. मीही चिखलातून पाय काढत त्याच्या मागं गेलो आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो.